खोट्या सोन्याचे वजन

गुप्तधनाचा हंडा बनवून द्या, असे सांगत माझ्याकडे येणाऱ्या माणसाची पहिली अपेक्षा ठरलेली असते: सोने झगमगले पाहिजे. मग तो मोठ्या चित्रपटाचा कलादिग्दर्शक असो, मालिकेचा निर्मिती व्यवस्थापक असो किंवा महाविद्यालयात शिकणारी, स्वतःच्या खिशातून लघुपट काढणारी पोरे असोत. कोल्हापुरात चित्रीकरणाच्या वस्तू बनवण्याचे काम करताना ही मागणी इतक्यांदा ऐकली आहे की आता मी वाद घालत नाही. एकाच मापाच्या तीन चकत्या समोरच्याच्या तळहातावर ठेवतो. एक रेझिनची, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची, दुसरी पितळेची आणि तिसरी वार्निशचा थर दिलेली शिशाची. तिन्हींवर एकच सोनेरी रंग आहे. शिशाची चकती हातात पडली की माणूस बोलता बोलता थांबतो, चकती उलटीपालटी करून पाहतो आणि मूठ मिटतो. खरे सोने या शिशाच्याही सुमारे १.७ पट जड असते, हे त्याला तेव्हा सांगावे. पडद्यावरचे सोने खरे वाटते ते या वजनामुळे, आणि नेमके त्याकडेच सर्वांचे दुर्लक्ष होते.

थोडा हिशेब मांडतो. सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, शिशाची ११.३, पितळेची साधारण साडेआठ, तर नेहमीच्या पॉलियुरेथेन रेझिनची एकाहून किंचित जास्त. पाच लिटर पाणी मावेल अशा घागरीत नाणी ओतली, तर मधल्या पोकळ्या वगळून साधारण साठ टक्के जागा धातूने भरते असे धरू. म्हणजे तीन लिटर सोने, म्हणजेच जवळपास अठ्ठावन्न किलो. अशी लहानशी घागर सिमेंटच्या पोत्याहून जड भरेल. आमचा नायक मात्र दहा-पंधरा लिटरचा हंडा विहिरीतून एका हाताने वर काढतो, खांद्यावर टाकतो आणि वर पळतही सुटतो. सोन्याच्या विटांची तीच गत. बँकांच्या तिजोऱ्यांतली चारशे ट्रॉय औंसांची प्रमाणित वीट सुमारे साडेबारा किलोची असते. ती चेंडूसारखी झेलता येत नाही. प्रेक्षकाने सोन्याची घनता पाठ केलेली नसते, पण कळशी उचललेली असते, पोते उचललेले असते, आणि रिकाम्या भांड्याला धरलेला हात त्याला लगेच ओळखू येतो.

म्हणून हंड्याच्या तळाशी मी वजन घालतो. उद्यमनगरातल्या फाउंड्रीतून बिडाचे तुकडे आणतो, ते गोणपाटात घट्ट बांधतो आणि आतून हलणार नाहीत असे पक्के बसवतो. वजन किती घालायचे ते दृश्यावर ठरते: हंडा दोघांनी मिळून ओढायचा असेल तर वीस-पंचवीस किलो पुरतात, कारण तेवढ्याने पाठीचा आणि मनगटाचा ताण खरा दिसू लागतो. पडण्याचे, झटापटीचे किंवा पाण्यातले दृश्य असेल तर मात्र वजनाचा मोह धरू नये. तिथे हलका हंडा द्यावा आणि नटाला एकदा जड हंडा उचलायला लावून त्याचा अंदाज अंगात मुरवून घ्यावा. चांगला नट हे पटकन पकडतो. मालाचे वजन ठाऊक असलेला हमाल कसा वाकतो, हे मार्केट यार्डात तासभर उभे राहिले तरी शिकता येते.

दुसरा मुद्दा आकाराचा. शिवकालीन खजिना दाखवायचा झाला की माझ्यापुढे येणारे नमुन्याचे चित्र बहुधा दहा रुपयांच्या नाण्याएवढे असते. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेला सोन्याचा शिवराई होन प्रत्यक्षात जेमतेम सव्वा सेंटिमीटर व्यासाचा आणि पावणेतीन ग्रॅमांच्या आसपास वजनाचा. वरील पाच लिटरच्या घागरीत असे एकवीस हजारांच्या आसपास होन मावतील. मोगल मोहर त्याच्या चौपट जड, सुमारे अकरा ग्रॅमांची, म्हणजे तोळ्याला थोडी कमी. शिवाय त्या काळच्या खजिन्यात एकाच शिक्क्याची नाणी असणे हीच मुळात शंकास्पद गोष्ट आहे. सतराव्या शतकात या मुलखात दक्षिणेतले जुने होन, मोगल मोहरा आणि रुपये, इवलेसे फनम, व्हेनिसचे डुकाट असे नाना प्रकारचे नाणे फिरत होते. आदिलशाहीत चालणारी लारी तर नाण्यासारखी दिसतही नाही: चांदीची तार मधोमध दुमडायची, ठोकून चपटी करायची आणि तिच्यावर अक्षरांचा ठसा उठवायचा. पन्हाळ्याच्या परिसरात घडणाऱ्या गोष्टीत मी आग्रहाने काही लाऱ्या घालतो. त्या बनवायला सर्वांत सोप्या, खर्च नगण्य, आणि गोल नाण्यांच्या ढिगातून मधूनच डोकावणारी ती वाकडी तार संपूर्ण ढिगाला जुनेपणाची साक्ष देते.

कोल्हापुरात हे काम करण्यात एक सोय आहे, जी मुंबईत सहजासहजी मिळत नाही. चित्रपटाचा वारसा तर आहेच; बाबूराव पेंटरांचे हे गाव, १९२९ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनी इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथेच होता आणि आज मोरेवाडीला चित्रनगरी उभी आहे. तथापि मला उपयोग होतो तो या वारशापेक्षा गावातल्या धंद्यांचा. गुजरीत सोन्याची घडण, मुलामा आणि आटणी जाणणारी माणसे आहेत, हुपरीत घरोघरी चांदीकाम चालते, आणि उद्यमनगरात लोखंड-पितळेचे हवे ते कापून, ओतून, ठोकून मिळते. नकली सोने बनवायला ही तिन्ही ठिकाणे लागतात आणि दुचाकीवर एका दिवसात तिन्ही फिरून होतात.

पितळी नाण्यांचा माझा कच्चा माल उद्यमनगरातल्या प्रेसवर मिळतो. पितळी पट्टीतून वॉशर कापताना मधल्या भोकाची जी चकती खाली पडते, तिला तिथे कोणी विचारत नाही. ती भंगाराच्या डब्यात जाते. वजनावर विकत घेतलेल्या या चकत्या निवडून, कोळशावर किंवा बर्नरवर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केल्या की नरम पडतात. त्यानंतर खरी गंमत सुरू होते. पोलादी ठशांची जोडी करून घ्यायची. हल्ली सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, अक्षरे कोरून मिळतात, पण यंत्राने कोरलेला ठसा फारच नीटनेटका असल्यामुळे मी तो नंतर हातछिन्नीने थोडा बिघडवून घेतो. खालचा ठसा लाकडी ओंडक्यात रोवायचा, चकती ठेवायची, वरचा ठसा हातात धरायचा आणि दोन किलोच्या हातोड्याचा एकच घाव घालायचा. टांकसाळीत नाणी पाडायची जुनी रीत हीच होती. हातोडा किंचित तिरका पडला की एका बाजूचे अक्षर खोल उमटते आणि दुसरीकडचे पुसट राहते. चकती सरकली तर ‘श्री राजा शिव’ मधला ‘श्री’ निम्मा बाहेर जातो. घाव दुसऱ्यांदा घालावा लागला तर अक्षरावर अक्षर चढते. कडेला बारीक चिरा पडतात. हे सगळे हवेच आहे. तांब्याच्या शिवराया पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असेल की समोर तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि मागे दोन ओळींत ‘छत्र पति’ असा मजकूर असला तरी तो एका नाण्यावर पुरता सापडणे हा नशिबाचा भाग असतो.

बाजारात तयार मिळणारी नाणी नेमकी इथे उघडी पडतात. ती काटेकोर गोल असतात, काठाला यंत्राच्या रेघा असतात, आणि ढिगातल्या प्रत्येक नाण्यावरचा ओरखडासुद्धा एकाच जागी असतो. काठावरच्या रेघा हे यंत्राच्या टांकसाळीचे लक्षण आहे. हाताने पाडलेल्या नाण्याला त्या असण्याचे कारण नाही.

अर्थात हजारो नाणी हातोड्याने पाडणे परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. मी तीन दर्जे ठेवतो. कॅमेरा अगदी जवळ येणार असेल, नट बोटांत धरून फिरवणार असेल किंवा दाताखाली दाबून पाहणार असेल, तर ती मोजकी नाणी ठोकलेल्या पितळेची आणि त्यांवर खऱ्या सोन्याचा मुलामा. हा मुलामा इतका पातळ असतो की खर्च निर्मात्याला वाटतो त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि रंग मात्र सोन्याचाच येतो, कारण तो सोनेच असतो. मधल्या अंतरासाठी नुसते पितळ, वर पारदर्शक लॅकर. लॅकर नसेल तर हाताच्या घामाने दोन दिवसांत पितळ काळवंडते आणि सकाळचे दृश्य दुपारच्या दृश्याशी जुळत नाही. ढिगाच्या भरावासाठी रेझिन.

रेझिनची नाणी ओतताना मूळ नमुने निदान आठ-दहा तरी वेगवेगळे घ्यावेत आणि त्यांवरून सिलिकॉनचा साचा करावा. नमुना मातीत घडवत असाल तर गंधक असलेली माती टाळावी, कारण प्लॅटिनम प्रकारचे सिलिकॉन तिला लागून नीट जमत नाही, चिकट राहते. रेझिनमध्ये पितळेची बारीक पूड भरपूर मिसळली आणि निघालेले नाणे स्टील वूलने घासले, तर वर रंग न देताही खऱ्या पितळेची झळाळी येते, वजनही थोडे वाढते. डब्यातल्या सोनेरी स्प्रेपेक्षा हे कितीतरी बरे. स्प्रेमधले धातूचे कण एका कोनातून चमकतात आणि दुसऱ्या कोनातून करडे दिसतात. डोळ्यांना ते खपते, कॅमेऱ्याला खपत नाही. स्प्रेच वापरायचा झाला तर खाली आधी गेरूच्या रंगाचा थर द्यावा. मूर्तीला सोन्याचा वर्ख लावणारे कारागीर वर्खाखाली तांबूस जमीन तयार करतात, ती उगाच नाही.

आता झगमगाटाविषयी. सोने स्वतः प्रकाश देत नाही, समोरचे दाखवते. आजूबाजूला पांढऱ्या भिंती आणि निळे आकाश असेल तर उत्तम मुलाम्याचे नाणेही फिके, हिरवट दिसते. समोर मशालीचा किंवा ३२०० केल्विनच्या दिव्याचा उबदार प्रकाश आणि मागे काळोख असेल तर साधे पितळसुद्धा भारदस्त दिसते. त्यामुळे हंड्याच्या आतली बाजू मी काळी ठेवतो आणि छायालेखकाला विनंती करतो की नाण्यांवर थेट दिवा मारण्याऐवजी एक पिवळसर कापड ताणून त्याचे प्रतिबिंब नाण्यांत येऊ द्यावे. अलीकडच्या एका कामात दिग्दर्शकाने प्रत्येक नाण्यावर चमकी चिकटवायला लावली होती. दृश्य पाहिल्यावर त्यांनी ती काढायलाही लावली, तो भाग वेगळा; चमकी मात्र रेझिनच्या खाचांतून अजून निघते आहे.

पुरलेल्या धनाची माती हा माझा सर्वांत आवडता विषय. जमिनीत शेकडो वर्षे राहिलेल्या वस्तूवर हिरवा रंग मारायचा, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. हिरवा थर तांब्याला येतो. चांदी काळी-करडी पडते, कधी जांभळट. शिशावर पांढुरकी साय धरते. चांगल्या कसाच्या सोन्याला यातले काहीच होत नाही. माती धुतली की ते जसे ठेवले तसे निघते. म्हणून सोन्याच्या नाण्यांवर हिरवे डाग दाखवायचेच असतील तर ते तांब्याच्या हंड्याला टेकलेल्या नाण्यांवर, टेकलेल्या बाजूलाच दाखवावेत. बाकीच्यांच्या अक्षरांत फक्त माती असावी. मी गडद तपकिरी तैलरंग पातळ करून नाण्यांवर लावतो, लगेच फडक्याने पुसतो, म्हणजे तो खाचांत राहतो आणि उंचवटे उजळ होतात. त्यानंतर चाळलेली माती पाण्यात सोडलेल्या फेविकॉलमध्ये कालवून कुंचल्याने शिंपडतो. माती चित्रीकरणाच्या जागेवरचीच घ्यावी. पन्हाळ्याच्या तांबड्या मातीतून निघालेल्या नाण्यांवर पंचगंगेकाठची काळी माती दिसली, तर शेतकरी प्रेक्षक थिएटरात बसल्या बसल्या चूक पकडेल.

खऱ्या निधीची कल्पना यावी म्हणून मी नव्या सहकाऱ्यांना टाऊन हॉलच्या संग्रहालयात जायला सांगतो. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेल्या वस्तू तिथे आहेत. रोमन बनावटीची पोसायडनची ती प्रसिद्ध कांस्यमूर्ती त्यांतलीच. या परिसरात सापडलेली सातवाहनकालीन नाणी पुष्कळदा शिशाची निघाली, कुर राजांच्या धनुष्यबाणाच्या छापाची नाणी तर शिशाची म्हणूनच ओळखली जातात. गुप्तधन म्हणजे सोनेच, हा पडद्याचा समज. जमिनीचा हिशेब निराळा आहे. तिथल्या नाण्यांचे जाड-पातळ काठ, झिजलेली अक्षरे आणि एकमेकांना चिकटलेले गठ्ठे जवळून पाहिले की माणूस घरी येऊन आपली गुळगुळीत नाणी पुन्हा बॅरलमध्ये वाळूबरोबर फिरवायला टाकतो. पडद्यासाठी मात्र शिशाची नाणी शिशातून ओतू नयेत. शिसे विषारी आहे, वितळवताना तर फारच, आणि संचावर लहान मुले असतात. करड्या रंगाचे रेझिन आणि वर खडूची पूड एवढ्याने काम भागते.

नाण्यांबरोबर दागिने हवेत, असा आग्रह असतोच. गुजरीच्या आसपास वन ग्रॅमचे दागिने ढिगाने मिळतात, पण आजच्या घाटाचा चकचकीत कोल्हापुरी साज तीनशे वर्षांपूर्वीच्या हंड्यातून काढणे मला पटत नाही. त्यापेक्षा बोरमाळेसारखे साधे मणी घ्यावेत, त्यांतले काही चेपावेत. लाखेवर पातळ पत्रा चढवून केलेले मणी मातीच्या भाराने दबणारच. आजच्या हिऱ्याचे चहूबाजूंनी लखलखणारे पैलू टाळावेत आणि गुळगुळीत, ओबडधोबड खडे घ्यावेत. मोत्यांच्या सरीही शक्यतो नकोतच, कारण मोती आम्लधर्मी मातीत टिकत नाहीत.

हंडा भरण्याची युक्ती जुनीच आहे. आत गोणपाट आणि थर्माकोलचा घुमट, त्यावर चिकटवलेली नाणी, आणि सर्वांत वर सुटी नाणी. पंधरा सेंटिमीटर तोंडाच्या भांड्याला बावीस मिलिमीटरची साधारण दीडशे सुटी नाणी तीन थरांना पुरतात. ओंजळीने उपसायचे किंवा ओतायचे दृश्य असेल तर हा आकडा अनेक पटींनी वाढतो, हे अंदाजपत्रकाच्या वेळीच सांगून टाकावे. संवाद चालू असताना नाणी हलणार असतील तर धातूपेक्षा रेझिन सोयीचे, कारण पितळेच्या खणखणाटात नटाचे वाक्य बुडते. रेझिनचा आवाज गुंड्यांसारखा येतो खरा, पण तो पुढे बदलता येतो. त्यासाठी मी ध्वनिमुद्रकाला पोलादी वॉशर न देता जाड पितळी चकत्यांची कापडी थैली देतो. पोलादाचा नाद फार पातळ आणि तीक्ष्ण लागतो.

कायद्याचीही थोडी जाण असावी. चालू चलनातल्या नाण्याची नक्कल करणे हा गुन्हा आहे, चित्रीकरणाचे कारण सांगूनही त्या वाटेला जाऊ नये. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात, तेव्हा हौसेने घरातली खरी शिवराई हंड्यात टाकू नये. आणि ज्या कथेत शेतकऱ्याला धन सापडते, तिच्या लेखकाने १८७८ चा निखात निधी कायदा एकदा वाचावा: जमिनीत सापडलेल्या निधीचे मोल दहा रुपयांहून अधिक असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. या एका कलमात पटकथेचा अख्खा उत्तरार्ध आहे, आणि तो फारसा कोणी वापरत नाही.

माझ्या प्रत्येक नाण्याच्या काठावर मी बारीक खूण ठोकतो आणि शेतात किंवा नदीकाठी चित्रीकरण असेल तर नाणी मोजून देतो, मोजून परत घेतो. शेतात राहून गेलेले एक नाणे पुढच्या नांगरटीला वर आले की गावात काय बोलले जाईल आणि रात्री कोण कुदळ घेऊन येईल, याची कल्पना केलेली बरी. जुन्या नाण्यांच्या बाजारातही असली नाणी शिरता कामा नयेत, खूण त्यासाठीच.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. पॉलियुरेथेन रेझिनला ओलावा सोसत नाही. हवेतल्या दमटपणाने ते फेसाळते आणि नाण्याच्या पोटात बुडबुडे राहतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर सरेपर्यंत कोल्हापूरच्या हवेत हे काम करणे म्हणजे अर्धा माल फेकण्याची तयारी ठेवणे. म्हणून भरावाची नाणी मी एप्रिल-मे महिन्यांत ओतून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, डब्यांत बंद करून ठेवतो. ऐन जुलैत नवा शिक्का आणि पाच हजार नग मागणाऱ्यांना मी पितळेचा भाव सांगतो, किंवा दिवाळीनंतर यायला सांगतो.